उजेड लहान होत नाही

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लागले ते निवृत्तीपर्यंत तिथेच, आणि त्यातली बरीच वर्षं विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये. मध्यंतरी सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला ते खाली आले आणि बैठकीतल्या काचेच्या कपाटापाशी थबकले. आत मी केलेलं मिग-21 बिस या लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं. 1/72 मापाचं, जेमतेम वीतभर लांब. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला कपाट उघडायला लावलं आणि हात मागे बांधून बराच वेळ वाकून बघत राहिले. चाकांची दारं, पंखांखालची शस्त्रं टांगायची पायलन, नाकातला शंकू, सगळं नजरेखालून घातलं. मग म्हणाले, "रंग बरोबर आहे. पण हे इतकं कोरडं नव्हतं गं. आमच्याकडून बाहेर पडायचं तेव्हा पंखात वरच्या ट्यूबांच्या रांगा दिसायच्या." शिऱ्याची वाटी माझ्या हातात ठेवली आणि ते जिना चढून गेले.

तेवढंच. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. कारण तो कोरडेपणा आपोआप आलेला नव्हता, तो मी मिळवलेला होता. एका हवाई तळावरच्या भर उन्हातल्या जुन्या फोटोवर कितीतरी संध्याकाळी डोळे फोडून ठरवलं होतं, की हे विमान असंच दिसायला हवं. चमक पार गेलेली, रंग थोडा विटलेला, उन्हाने शोषून घेतलेला. आणि ज्या माणसाने ते विमान हाताच्या अंतरावरून पाहिलं होतं, तो सांगत होता की तसं नव्हतं. फोटोही खोटा नव्हता आणि काकाही खोटं बोलत नव्हते.

मॉडेल करणाऱ्यांच्या आयुष्यात वार्निशची वेळ फार उशिरा येते. प्लॅस्टिकचे तुकडे फ्रेममधून कापून, घासून, जोडून, सांधे भरून झालेले असतात. प्रायमर, मग रंगाचे पातळ थर. रंग वाळला की आधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निशचा हात द्यावा लागतो, कारण डिकल, म्हणजे ती पाण्यात भिजवून सरकवायची चक्रं आणि आकडे, खडबडीत पृष्ठभागावर नीट बसत नाहीत. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाच्या बारीक खळग्यांत हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसायला लागते. ग्लॉसवर मात्र डिकल सपाट झोपतं, मऊ करणारं औषध लावलं की रेघांच्या खाचांत उतरतं. मग त्यावर आणखी एक ग्लॉस, मग खाचांमधून पातळ गडद रंग सोडून पुसून घेणं. इथवर विमान अगदी देखणं दिसत असतं. ओलं, खोल, नवं. आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्यावर मॅटचा थर मारायचा असतो. आधीचं सगळं काम त्या एका थराखाली जाणार असतं आणि तो थर बिघडला तर सगळं बिघडणार असतं. म्हणून माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांच्या कपाटात अशी मॉडेलं आहेत, जी सगळ्या अर्थांनी पूर्ण आहेत आणि फक्त शेवटच्या हाताची वाट बघत वर्षानुवर्षं चमकत उभी आहेत. मला त्यांची ती धास्ती पूर्ण कळते.

मॅट वार्निशची बाटली उघडण्याआधी ती ढवळावी लागते, आणि ते ढवळणं हेच अर्धं काम आहे. चमक मारणारे सिलिकाचे कण इतके बारीक असतात की बोटाला लागत नाहीत, पण तळाशी जाऊन बसतात ते घट्ट. नुसती बाटली हलवली तर वरचं पातळ, जवळजवळ ग्लॉसच निघतं आणि बाटली संपता संपता खडूसारखं पांढरं काहीतरी येतं. म्हणून काडीने तळ खरवडून, बुडबुडे येऊ न देता, सावकाश ढवळायचं. मग नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळायचं. थेंबाथेंबाने थिनर घालायचं, दुधाएवढं पातळ होईस्तोवर, आणि खरोखर ते दिसतंही दुधासारखंच. पाण्यात अॅक्रिलिकचे सूक्ष्म गोळे तरंगत असतात आणि ते उजेड चहूकडे उधळतात, म्हणून पांढरं. पाणी उडालं की गोळे एकमेकांना खेटतात, चपटे होतात, एकजीव होतात आणि तो पांढरेपणा नाहीसा होतो. हे मला माहीत आहे, अनेकदा पाहिलेलं आहे, तरी दर वेळी आपण रंगवलेल्या गोष्टीवर दुधी धुकं बसताना बघून छातीत धस्स होतं.

वार्निश मी एअरब्रशने मारते, म्हणजे पेनासारख्या धरायच्या, हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या गनने. त्यासाठी बारीक नोझल वापरत नाही. 0.2 मिलीमीटरच्या तोंडाशी अॅक्रिलिक लगेच वाळतं, सुईच्या टोकावर इवलासा गोळा बसतो आणि मग तो कधीतरी सुटून नेमका पंखाच्या मधोमध येऊन पडतो. 0.4 चं तोंड, दाब वीस पीएसआयच्या आसपास, अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटर. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा, विमानावरून न थांबता न्यायचा आणि बाहेर जाऊनच बंद करायचा. पहिला हात इतका हलका की लागला का नाही असं वाटावं. त्याच्यावर धरून राहील असा दुसरा. डाव्या हातात टॉर्च तिरपा धरते, कारण समोरून बघून ओला थर दिसत नाही, कडेने बघितला तरच दिसतो. ओलावा एकसंध पसरून पृष्ठभाग क्षणभर सपाट होतो, तो क्षण ओळखायचा आणि हात काढून घ्यायचा. त्याच्या अलीकडे थांबलं तर भुरभुरीत पावडर बसते. पलीकडे गेलं तर खाचांत डबकी साचतात, पोटाशी ओघळ येतात. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे आणि ती शिकवता येत नाही. कॉम्प्रेसरची घरघर, मास्कच्या आत स्वतःच्याच श्वासाची ऊब, आणि हातात ती थंडगार धातूची पेन्सिल. त्या वेळी मी दुसरं काहीही नसते.

(मास्कबद्दल एक सांगायलाच हवं. पाण्याचं वार्निश म्हणजे निरुपद्रवी, असा समज फार पसरलेला आहे. वास येत नाही म्हणून माणसं खिडकी लावून, तोंडाला रुमालही न बांधता फवारत बसतात. पण जे प्लॅस्टिकवर जाऊन पातळ पापुद्रा होतं, ते फुफ्फुसात गेलं तर काय होईल याचा विचार करा. चांगला मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखा, एवढं आधी घ्या. एअरब्रश नंतर घ्या.)

एअरब्रश मी पहिल्यांदा पाहिला तो मात्र विमानांवर नव्हे.

माझं आजोळ पेणचं. मे महिन्याच्या सुट्टीत आजीकडे गेलं की गल्लीत दोन दारं सोडून गणपतीचा कारखाना होता, तिथे आम्हा मुलांचा मुक्काम. आत शिरलं की ओल्या मातीचा वास, पुढे गेलं की रंगाचा. फळ्यांवर ओळीने पांढऱ्याफेक मूर्ती, सगळ्यांची पाठ एकीकडे. अंगाचा रंग मोठ्या गनने एका दमात व्हायचा, ते मला फारसं आवडायचं नाही. मला आवडायचं नंतरचं. एक काका छोटी गन घेऊन बसायचे आणि गालावर, पोटाच्या वळीत, सोंडेच्या आतल्या बाजूला, बोटांच्या फटीत एक गडद छटा सोडायचे. रेघ कुठेच नाही, कड कुठेच नाही, आणि तरीही बघता बघता मातीला मांस यायचं. ते काका प्रत्येक फवारा आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर मारून बघायचे. दिवसअखेर त्यांचं ते नख केशरी, गुलाबी, तपकिरी थरांनी जाड झालेलं असायचं. मी अजूनही एअरब्रश हातात घेतला की पहिला फवारा नखावर मारते. हातमोजा असला तर मोज्यावर, पण जागा तीच.

तिथेच मी हेही ऐकलं होतं, की आषाढात गन पाणी थुंकते. तेव्हा अर्थ कळला नव्हता. आता कळतो. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतली वाफही दाबली जाते, टाकीत आणि नळीत तिचं पाणी होतं आणि ते सगळं गुपचूप वाट बघत बसतं. ते पाणी अडवण्यासाठी कॉम्प्रेसरला काचेची एक वाटी जोडलेली असते. नाशिकच्या जुलैत ती वाटी एका बैठकीत तळ झाकण्याइतकी भरते. पेणला किंवा रत्नागिरीला काय होत असेल! ती रिकामी करायची राहिली, की वार्निशच्या तलम धुक्यातून अचानक पाण्याचा एक टपोरा थेंब सुटतो. शिवाय दमट हवेत थरातलं पाणी लवकर उडत नाही, तो तासन्‌तास चिकट राहतो आणि घरातली सगळी धूळ त्याच्याकडे येते. स्पिरिटवर पातळ केलेलं वार्निश असेल तर उलटंच दुखणं. स्पिरिट झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, त्या गारव्यावर हवेतली वाफ बसते आणि थर दुधाळ होऊन तसाच राहतो. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत तिसरंच, फवारा मॉडेलपर्यंत पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि विमानावर वाळू पेरल्यासारखा खरखरीत बसतो. परदेशी लोकांनी लिहिलेल्या सूचना त्यांच्या हवेच्या असतात. आपल्याकडे दिवाळी ते होळी हा वार्निशचा हंगाम, असं माझं पक्कं मत झालं आहे.

या हत्याराची जन्मकथा मला नेहमी ओढ लावते. 1876 मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्ली यांनी रंग फवारण्याच्या एका यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे वाफेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांसाठी ज्यांचं नाव झालं, तेच हे स्टॅन्ली. तीन वर्षांनी आयोवातल्या अॅब्नर पीलर यांनी एक वेगळं यंत्र केलं, आणि 1893 च्या सुमारास चार्ल्स बर्डिक यांनी आजच्या एअरब्रशच्या जवळ जाणारी रचना आणली. त्या काळात त्याचा मोठा उपयोग होता फोटोंसाठी. काळ्यापांढऱ्या छायाचित्रातले चेहरे उजळायचे, डाग घालवायचे, मागची गर्दी पुसायची. म्हणजे हे हत्यार सुरुवातीपासूनच या कामाचं आहे, की जे दिसतं त्याला जरा वळवायचं आणि हात फिरल्याची खूण राहू द्यायची नाही.

अॅक्रिलिक त्या मानाने अलीकडचं. रोम अँड हास या कंपनीने पाण्यातलं अॅक्रिलिक रंगांसाठी बाजारात आणलं 1953 मध्ये, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एअरफिक्स या मॉडेलच्या कंपनीने स्पिटफायर या लढाऊ विमानाचं आपलं पहिलं मॉडेल विकायला काढलं. पण या दोघांची नीट गाठ पडायला पुढची कितीतरी वर्षं जावी लागली. माझ्या दादाच्या काळात वार्निश म्हणजे इनॅमल, टर्पेंटाइनचा उग्र वास आणि आईची ओरड. त्याने केलेलं एक पांढरं प्रवासी विमान अजून आमच्याकडे आहे. ते आता पांढरं नाही. वार्निश वर्षागणिक पिवळं होत गेलं आणि विमान हस्तिदंती झालं. निळ्या पट्ट्यावर तोच पिवळा थर हिरवट दिसतो. आईला ते तसंच आवडतं, जुन्या फोटोसारखं दिसतं म्हणते. मला ते बघून वाईट वाटतं, कारण रंग आत अजून पांढराच आहे हे मला माहीत आहे. अॅक्रिलिक असं पिवळं पडत नाही, निदान इतक्या सहजी नाही. आणि अमेरिकेतल्या मॉडेल करणाऱ्यांनी तर शोधून काढलं होतं, की फरशी चमकवायचं फ्यूचर नावाचं एक अॅक्रिलिक पॉलिश याच कामाला उत्तम चालतं. कॉकपिटची काच त्यात बुडवून काढली की तिच्यावरचे बारीक चरे गायब होतात. नाही आवडलं तर अमोनियाने उतरवता येतं. इंग्लंडमध्ये तेच क्लिअर नावाने मिळायचं. ते बंद झालं तेव्हा लोकांनी शेवटच्या बाटल्या जपून ठेवल्या. मला त्यात काही विचित्र वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते, काकांच्या ट्यूबांकडे.

1/72 म्हणजे सगळं 72 पटींनी लहान. मिगच्या पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत सव्वासात मीटरला जराशी कमी, ती मॉडेलमध्ये दहा सेंटिमीटरच्या आत येते. खाचा, खिळे, चाकं, सगळं त्याच हिशेबाने आक्रसतं. पण काही गोष्टी या हिशेबाला दाद देत नाहीत. वार्निशचा थर समजा 20 मायक्रॉनचा बसला, तर विमानाच्या मापात तो जवळपास दीड मिलीमीटरचा झाला. खऱ्या विमानावरचा सगळा रंग मिळूनही साधारण एक दशांश मिलीमीटर असतो. म्हणजे प्रमाणाच्या दृष्टीने माझं विमान रंगाचं जाड ब्लँकेट पांघरून उभं आहे. तरी तेही चालवून घेता येतं, थर पातळ ठेवता येतो. खरी अडचण उजेडाची आहे. उजेड आपल्यासाठी 72 पटींनी लहान होत नाही. जी खिडकी खऱ्या विमानासमोर उघडी असते, ती आकाशाएवढी असते. माझ्या विमानासमोरची खिडकी ही माझ्या खोलीची खिडकी असते. ग्लॉस ठेवला तर पंखात काय दिसतं? टेबलावरचा दिवा दिसतो, खिडकीचे गज दिसतात, माझा चेहरा दिसतो. विमान कितीही अचूक असू दे, त्याच्या पाठीवर गजांचं प्रतिबिंब उमटलं की डोळा क्षणात ओळखतो, ही हातात धरायची वस्तू आहे.

मॅट वार्निश माझी खोली त्या विमानातून बाहेर काढतं. त्याचं खरं काम तेच. सिलिकाचे कण पृष्ठभाग खडबडीत करतात, उजेड एका दिशेला न जाता चहूकडे विखुरतो आणि प्रतिबिंब नावाची गोष्टच उरत नाही. त्याचबरोबर रंगावर एक हलकी पांढरट झाक येते, गडद रंग जरा फिके होतात. लांबची डोंगररांग जवळच्यापेक्षा फिकी दिसते, कारण मध्ये हवा असते. मॉडेल एका फुटावरून बघितलं तर खरं विमान वीस-बावीस मीटरवरून बघितल्यासारखं होतं. तेवढ्या अंतराची हवा मॉडेलवर आणायची असेल तर ती या थरानेच येते. म्हणून मॅट मारताना मी हे ठरवत असते, की बघणाऱ्याने कुठे उभं राहायचं. ही गोष्ट कोणत्याही रंगाच्या डबीवर लिहिलेली नसते, आणि मला वाटतं या छंदातली सगळ्यात मोठी निवड हीच आहे. चित्रकारांनाही ती करावी लागली होती. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये पिसारो आणि त्याच्या सोबत्यांना तेव्हाच्या दालनांतला तो चकचकीत, सोनेरी वार्निशचा थर नको होता, काही चित्रांना वार्निश लावू नका असं तो बजावून ठेवायचा. त्याला हवा होता उघड्यावरचा, कोरडा उजेड, आणि वार्निश तो बंद खोलीत नेऊन ठेवत होतं.

मी फोटोतल्या माणसाच्या जागी उभी होते, धावपट्टीच्या कडेला, दुपारी, लांब. काका पंखाला हात लावून उभे होते, आत, ट्यूबांच्या खाली, ओव्हरहॉल संपल्याच्या दिवशी. विमान तेच. अंतर वेगळं आणि दिवस वेगळा. ओझरच्या दारातून बाहेर पडल्यावर त्याचं काय झालं, ते कुठल्या उन्हात उभं राहिलं, कोणत्या वाळूने त्याचा मुलामा खाल्ला, हे काकांनी कधी पाहिलंच नाही. त्यांच्यासमोर पुन्हा यायचं तेव्हा ते रंग उतरवायलाच आलेलं असायचं.

हे लक्षात आल्यावर मी प्लॅस्टिकचे चमचे काढले. वार्निशची चाचणी चमच्यांवरच करतात, कारण त्यांना बाक असतो आणि तो बाक विमानाच्या अंगासारखाच उजेड पकडतो. सगळ्यांवर तोच फिका करडा रंग. मग एकावर नुसता ग्लॉस, एकावर नुसता मॅट, आणि मधल्यांवर दोन्हींचं मिश्रण वेगवेगळ्या प्रमाणात. मागे पेन्सिलीने आकडे. ते सगळे ताटलीत ठेवून मी वर गेले. काका पेपर वाचत होते. त्यांनी एक शब्द न बोलता चमचे खिडकीपाशी नेले, मग ट्यूब लावायला सांगितली आणि तिच्याखाली परत बघितले. ग्लॉसचा लगेच बाजूला केला. "हे नाही. हे घरातल्या फ्रिजसारखं झालं." मग दोन चमच्यांत अडकले. काकूंना हाक मारली, त्यांनीही बघितलं, त्यांचं मत वेगळं पडलं. शेवटी काकांनी एक निवडला, ग्लॉस दोन भाग आणि मॅट एक भाग असलेला. आणि मग जे बोलायला लागले ते थांबेनात. नाकाचा शंकू कधीच एवढा चमकायचा नाही, तो वेगळा धर. मागच्या नळीपाशी रंगच नसतो, उघडा धातू, तापून जांभळट-तपकिरी झालेला, त्याला काही लावू नकोस. पंखाच्या बुडाशी पायलट आणि मेकॅनिक चढून उतरतात, तिथे बुटांनी चमक गेलेली असते, तेवढाच भाग कोरडा कर. एकाच विमानावर चार तऱ्हेची चमक. हे माझ्या त्या फोटोत नव्हतं, कुठल्याच फोटोत नसतं. फोटोत रंग येतो. चमक येते ती कॅमेरा जिथे होता तिथून दिसलेली, तेवढीच.

काकांना बोलताना ऐकणं हा एक वेगळाच आनंद होता, आणि त्यात एक दुखरा धागाही होता. एफएल, एम, बिस अशा प्रकारांची मिग-21 एकामागून एक ओझरला तयार झाली, आणि त्यातली काही पुढे सुधारून बायसन या नावाने तिथूनच बाहेर पडली. 1963 मध्ये चंडीगडला आलेलं हे विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडलाच निवृत्त झालं. काकांनी तो समारंभ टीव्हीवर पाहिला होता. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. चमच्यांबद्दल मात्र आम्ही चहा होऊन गेला तरी बोलत होतो. नव्या मिगवर मी आता त्यांच्या चमच्याचंच मिश्रण मारलं आहे. कपाटात आज दोन्ही शेजारी उभी आहेत, एक उन्हातलं आणि एक हँगरमधलं, आणि मला दोन्ही खरी वाटतात. जुन्यावर पुन्हा हात फिरवण्याचा विचार मी केला नाही.

तुम्ही म्हणाल, खरी विमानं आहेत की उभी, संग्रहालयात जाऊन बघावं. मी जाते. गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरचं सी हॉक लढाऊ विमान बाहेर उघड्यावर उभं आहे, समुद्राच्या वाऱ्यात आणि पावसात. त्याला जपायचं तर रंग द्यावाच लागतो, आणि देणारे तो मनापासून देतात. पण तो रंग आजचा असतो, त्याची चमक आजची असते. देशभरात चौकाचौकांत खांबांवर बसवलेल्या लढाऊ विमानांचंही तेच होतं. दाराखिडक्यांचा ऑइल पेंट ब्रशने लागतो आणि पंधरा मीटरचं खरंखुरं लढाऊ विमान खेळण्यासारखं दिसायला लागतं. मला ते बघून चुटपुट लागते. आकार शंभर टक्के खरा, धातू खरा, खिळा न् खिळा खरा, आणि नुसत्या चुकीच्या चमकेने डोळा त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार होत नाही. म्हणजे या शेवटच्या थराचं वजन किती असतं बघा.

आता टेबलावर सी हॉकच आहे. विक्रांत 1961 मध्ये नौदलात आली तेव्हाची ही पिढी, 300 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची. 1971 च्या डिसेंबरात याच विमानांनी विक्रांतवरून उडून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. करडा रंग झाला आहे, डिकल बसली आहेत, ग्लॉसचा हात वाळला आहे, आणि मी थांबले आहे. डेकवर खारं पाणी रोज उडत असणार. मग मीठ चढून रंग मेलेला असायचा, की रोज धुऊन पुसून उलट चमकायचा? विक्रांत जहाज 1997 मध्ये निवृत्त झालं, मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षं राहिलं, आम्ही शाळेच्या सहलीला जाऊन त्याच्या डेकवर पळापळही केली. 2014 च्या अखेरीला ते मोडीत निघालं. जहाजाचे फोटो पुष्कळ आहेत, विमानांचेही आहेत. पण माझा प्रश्न फोटोला विचारता येत नाही.

तो माणसालाच विचारता येतो. कुलाब्यात, पनवेलला, वास्कोत, साताऱ्याच्या एखाद्या गावात कुणाचे तरी वडील, आजोबा, मामा तेव्हा त्या डेकवर असतील, पंखांच्या घड्या उलगडत असतील, साखळ्या लावत असतील. तुमच्या घरात असं कुणी असेल तर रंग कोणता होता हे विचारू नका, ते पुस्तकात मिळतं. त्यांना विचारा, सकाळी पंख पुसायचात का? गोड्या पाण्याने की नुसत्या फडक्याने? पुसल्यावर त्यात आपला चेहरा दिसायचा, की फक्त आभाळाचा उजेड?